पाठ्यपुस्तकातील राष्ट्र आणि चांद्याचा परकोट

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला आपल्या नागरिकांत एकत्वाची जाणीव रुजवायची असते आणि त्यासाठी शाळेतील इतिहास हा विषय त्याला सर्वांत हाताशी वाटतो. परंतु भूतकाळाची स्मृती ही राज्यसंस्थेने गरजेप्रमाणे घडवावी अशी वस्तू आहे, की ज्यांच्या पूर्वजांनी तो काळ भोगला त्यांची ती ठेव आहे, हा प्रश्न मुळात नीतिशास्त्राचा, म्हणजे योग्यायोग्यतेच्या विचाराचा, आहे. फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रेनाँ याने १८८२ मध्ये राष्ट्राच्या जडणघडणीत विस्मरणालाही मोठे स्थान असते, असे प्रतिपादन केले. विसरायचे कोणी आणि कोणाच्या वाट्याचे, याचा निवाडा मात्र चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या प्रदेशात गेल्यावरच करता येतो.

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हे शतकानुशतके गोंड राजांचे राज्य होते. बल्लारपूरचा किल्ला, चंद्रपूरचा परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, त्यातील जटपुरा व पठाणपुरा हे दरवाजे आणि राणी हिराईने पती बीरशाह यांच्यासाठी बांधवलेली समाधी ही त्या राज्याची आजही उभी असलेली साक्ष आहे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य खालसा केले. मराठी शाळेत मराठ्यांचा विस्तार अभिमानाने शिकवला जातो आणि त्या अभिमानाला आधारही आहे. पण त्याच विस्ताराच्या एका टप्प्यावर चांद्याची गोंड गादी संपली, हे वाक्य त्या धड्याच्या शेजारी आले नाही, तर गोंड विद्यार्थ्याला आपल्या पराभवाचा उत्सव आपलाच म्हणून पाठ करावा लागतो. मराठी वाचकाला हे कबूल करणे जड जाईल, तरी ते टाळता येणारे नाही.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध गोंड व रोहिले यांची फौज उभारली, अहेरीच्या जमीनदारणीच्या साहाय्याने ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. हा गौरव उचितच आहे. तथापि, त्यांना केवळ राष्ट्रीय उठावाचे एक नाव मानले, तर ज्या मुलखासाठी आणि ज्या माणसांच्या बळावर ते लढले, तो मुलूख व ती माणसे धड्यातून गळून पडतात.

असा इतिहास शिकवल्याने ऐक्याला तडा जाईल, ही शंका प्रामाणिक असली तरी तिच्यात एक गोष्ट सुटते. गोंड समाजात पूर्वजांच्या कथा व वंशावळी किंगरी वाजवून गाणारे परधान हे परंपरेने स्मृतीचे रक्षक आहेत. घरी ऐकलेले पुस्तकात दडवलेले आढळले, की मुलाचा विश्वास पुस्तकावरून उडतो आणि त्यासोबत ते पुस्तक देणाऱ्या राष्ट्रावरूनही. भाषेची अडचण त्याहून आधीची आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली, तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही. वास्तविक, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे अनुच्छेद ३५०-अ राज्यांना सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली.