कुणाच्या स्वभावावर कचेरी चालते?

संप न पुकारताही काम ठप्प करता येतं, हे कामगार चळवळीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नियमावर बोट ठेवून काम करायचं. नेमून दिलेलं सगळं करायचं, त्यापलीकडचं काहीही नाही. नव्या माणसाला काम समजावून सांगायचं नाही, रजेवर गेलेल्याची फाइल पुढे सरकवायची नाही, यंत्राचा आवाज बदललेला ऐकू आला तरी गप्प राहायचं. बघता बघता सगळं अडखळू लागतं. एरवी जे सुरळीत चालतं, ते कुणी न सांगता केलेल्या कामांच्या जिवावर.

अमेरिकेत एका टेलिफोन कंपनीचे प्रमुख असलेल्या चेस्टर बार्नार्ड यांनी १९३८ सालच्या पुस्तकात सहकार्याची ही तयारीच संस्थेचा पाया मानली. पुढे १९८०च्या दशकात डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. अशी मदत करतं कोण? आपलं उत्तर तयार असतं: ‘ज्याचा त्याचा स्वभाव.’ ऑर्गन यांनाही स्वभावाचा वाटा मोठा असेल असं वाटत होतं. पण १९९५मध्ये त्यांनी आणि कॅथरीन रायन यांनी ५५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा कर्तव्यदक्षतेचा थोडाफार संबंध दिसला, मनमिळाऊपणाचा त्याहून कमी. जास्त ठळक संबंध होता तो कामातल्या समाधानाशी आणि आपल्याला न्यायाने वागवलं जातं या भावनेशी. नंतरच्या संशोधनात स्वभावाचं पारडं काहीसं जड झालं, हेही सांगायला हवं. स्वभाव असतोच. पण सगळं श्रेय त्याला देऊन टाकलं की कचेरी स्वतःच्या जबाबदारीतून मोकळी होते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

लिंडा बॅबकॉक, लिझ व्हेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. तिघातिघांचे गट केले. गटातल्या एकाने पुढे होऊन बटण दाबलं की तिघांचाही फायदा, पण दाबणाऱ्याला इतर दोघांपेक्षा कमी पैसे. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा पुढे झाल्या. इथवर वाचून कुणीही म्हणेल, बायका मुळातच सोशिक. मग फक्त पुरुषांचे आणि फक्त स्त्रियांचे गट केले, तर तो फरकच उरला नाही! बाई नसली की पुरुषही तेवढ्याच तत्परतेने पुढे येत होते. माणसांचे स्वभाव तेच होते. बदलली होती ती ‘कुणीतरी करेलच’ ही अपेक्षा.

आपल्या कचेऱ्यांत निरोप समारंभाची वर्गणी, बैठकीचं इतिवृत्त, नव्या उमेदवाराला सांभाळून घेणं ही कामं कुणाच्या टेबलावर जाऊन पडतात, ते आठवून पाहावं. ‘त्या करतील, त्यांना आवडतं’ असं म्हणणाऱ्या वरिष्ठाने त्यांना कधी विचारलेलं नसतं. बढतीच्या वेळी ‘स्वभावाने फार चांगल्या’ असा शेरा मिळतो आणि पद दुसऱ्याला जातं. अशा कामांच्या पाळ्या लावाव्यात आणि ती कामगिरीत धरावीत, असं मला ठामपणे वाटतं. मोजदाद केली तर मदतीतला जिव्हाळा आटेल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. ती सहसा त्यांना वाटते, ज्यांच्या वाट्याला अजून एकदाही इतिवृत्त आलेलं नाही.