डाग कुठला, दगड कुठला?



या गुरुवारचं चिंतन न्हाणीघरातलं आहे. हसू नका.

नवागामात आपल्या घरांत न्हाणीला कोटा फरशी, कुठे संगमरवर, मोरीच्या कट्ट्याला काळा कडप्पा. बोअरचं पाणी जड. आठ दिवस दुर्लक्ष झालं की नळाखाली पांढरा थर जमतोच. मग कुणीतरी म्हणतं, "ॲसिड टाका ना, पाच मिनिटांत चकाचक!" फेस येतो, आपल्याला वाटतं मळ निघतोय.

पण तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि संगमरवरही त्याचाच. कोटा-कडप्पा चुनखडीच्याच जातीचे. थर कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला, हे ॲसिडला काय कळणार? त्या फेसात फरशीही असते. चकाकी जाते, अंग खरबरीत होतं, आणि पुढचा मळ जास्त घट्ट बसतो. लिंबू-व्हिनेगरही तेच करतं, जरा सावकाश.

मग ज्यानं मूळ वस्तूच झिजते, त्याला स्वच्छता म्हणायचं का?

देवस्थानांनाही हा विचार करावा लागला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज झाल्यामुळे २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याने तिचं रासायनिक संवर्धन केलं. अभिषेक आता मूळ मूर्तीला नाही, उत्सवमूर्तीला होतो. दूध-दही प्रेमानेच वाहिलेलं होतं हो, पण दगडाला त्याचं काय!

माणसांचंही असंच वाटतं आम्हाला. घरातल्या मुलीचा हट्ट मोडायला निघतो आपण. तिची जिद्दही त्याच मातीची असते. तिखट बोलून हट्ट गेला, घर शांत झालं, सगळे खूश. काय काय गेलं ते नंतर कळतं.

काही जणी म्हणतील, मग मळ तसाच ठेवायचा? मुळीच नाही. न बोलणं हे नेहमी प्रेम नसतं, कित्येकदा तो निव्वळ कंटाळा असतो. ॲसिडची वेळ येते ती रोजचं पुसणं राहिल्यामुळेच. रोज दोन शब्द बोललं तर वर्षातून एकदा भांडावं लागत नाही.

तर केंद्रातल्या न्हाणीचं असं ठरलंय: आंघोळीनंतर लगेच वायपर, मग कोरडं सुती कापड. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा सौम्य लिक्विड साबण, मऊ ब्रश, आणि भरपूर पाण्याने धुणं. तारेची घासणी नको. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत जिवावर बेतेल. फरशीवर पाण्याचा थेंब टाकून बघा: तो मुरून तिथे काळसर दिसला तर सीलर लावायची वेळ झाली.

वायपरचं रबर फाटलंय. नवं कोण आणतंय, ग्रुपवर कळवा. जुन्या सुती साड्यांचे तुकडेही चालतील.