दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

गेल्या चातुर्मासातील एका एकादशीची गोष्ट. कोपरला एका माळकरी स्नेह्याच्या घरी भजन होते. दिवेलागण झाली होती, पाऊस नुकताच उघडला होता. पुतण्याने मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केली. मी मागे उजव्या बाजूला बसलो होतो. मांडीवर टाळांची पिशवी आणि मनात उशीर झाल्याची घाई. मागे न पाहताच मी दार उघडले. त्याच क्षणी मागून येणारा एक सायकलवाला दारावर आदळला आणि भर रस्त्यात पडला. त्याच्या मागे एक रिक्षा होती. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला आणि रिक्षा त्या मुलाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली.

मुलगा वीस-बावीस वर्षांचा. कुठल्याशा सोसायटीत रात्रपाळीच्या पहाऱ्याला निघालेला. गुडघा फुटला होता, मनगट सुजू लागले होते, डब्यातला भात रस्त्यावर सांडला होता. मी खाली उतरलो आणि माझ्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला? “अरे, दिवा नाही, घंटी नाही, असा कसा येतोस?”

वाचकहो, हे बोलणे खोटे नव्हते. त्याच्या सायकलीला दिवा नव्हता, घंटीही नव्हती. भोवती माणसे जमली, त्यांत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, मोटारवाल्याने पाहायला नको? दुसरा म्हणे, अंधारात बिनदिव्याची सायकल दिसणार कशी? वाद रंगला. पोरगा मात्र ओल्या रस्त्यावर मनगट धरून बसलेलाच. शेवटी रिक्षावाला पुढे आला आणि म्हणाला, “काका, आधी ह्याला उचला. कोण चुकलं ते मग बघू.”

त्यानेच मुलाला रिक्षात घातले, मी शेजारी बसलो, दवाखाना गाठला. हाड मोडले नव्हते, ही पांडुरंगाची कृपा. परंतु रिक्षावाल्याचे ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या कानांतून जात नाही. आज त्याचाच विचार आपल्यापुढे मांडतो.

प्रथम पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, चूक दोघांची होती, तेव्हा जबाबदारीही निम्मी-निम्मी. कोर्टातही असेच चालते. अपघाताच्या दाव्यात जखमी माणसाचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर त्या प्रमाणात त्याची भरपाई कमी होते. हा न्याय पैशापुरता योग्यच आहे, कारण पैसा वाटता येतो. पण हा हिशेब अपघात झाल्यानंतरचा आहे. अपघात होण्याच्या आधी, दाराच्या कडीवर माझा हात असताना, हाच हिशेब चालेल काय? “पन्नास टक्के तो पाहील, म्हणून मी पन्नास टक्केच पाहतो,” असे अर्धे पाहणे जगात आहे काय? पाहिले तर पूर्ण पाहिले, नाही तर पाहिलेच नाही.

ह्यावर पालखीचा दृष्टांत घ्या. खांदा देणारे चौघे असतात. भार चौघांत वाटला जातो हे खरे. पण “बाकीचे तिघे आहेत” म्हणून कोणी आपला खांदा सैल सोडीत नाही. आणि शेजाऱ्याचा पाय घसरला, त्याचा खांदा ढिला पडला असे दिसले, तर आपण काय करतो? “चूक त्याची” म्हणून आपणही सोडून देतो काय? उलट तेवढ्यापुरते आपण अधिक घट्ट धरतो. रस्त्यावरची जबाबदारी अशी आहे. दुसऱ्याची चूक दिसली म्हणजे माझी जबाबदारी कमी होत नाही. त्या क्षणी ती वाढते.

माझ्या प्रसंगातला रिक्षावाला पाहा. तिघांत ज्याचा काडीइतका दोष नव्हता, तो हा एकटा. पण रस्ता ओला आहे, पुढे बिनदिव्याची सायकल आहे, हे पाहून त्याने वेग आवरला होता आणि मध्ये अंतर ठेवले होते. दोष आम्हा दोघांचा, आणि प्राण वाचवला तिसऱ्याने! त्यानेही आपला वाटा मोजला असता तर तो शून्य निघाला असता, आणि त्या शून्याच्या हिशेबात एका आईचा मुलगा गेला असता.

आता दुसरा प्रश्न. जबाबदारी दोघांची पूर्ण, हे मानले. पण दोघांची सारखीच काय? येथे थोडे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच एवढे अंतर कापले जाते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून वजन शंभर किलोच्या आतबाहेर. मोटार हजार किलोची, आणि भरलेल्या ट्रकची तर गोष्टच नको. सायकलवाला चुकला तर बहुधा तो स्वतः मरतो. मोटारवाला चुकला तर बहुधा दुसरा मरतो. दोघांची चूक एकच असली तरी तिची किंमत देणारा एकच आहे. म्हणून ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर अधिक भार, हे न्यायाचेच आहे.

हा विचार इतर देशांनाही पटला आहे. इंग्लंडच्या वाहतूक नियमावलीत २०२२ साली हेच तत्त्व घातले गेले, की जो अधिक हानी करू शकतो त्याने इतरांना असलेला धोका कमी करण्याची अधिक जबाबदारी घ्यावी. आणि त्याबरोबरच हेही सांगितले, की पादचारी व सायकलस्वारांनीही आपल्या व इतरांच्या जिवाची काळजी घ्यावी. सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध असलेल्या हॉलंडात मोटारीने चौदा वर्षांखालच्या मुलाला धडक दिली, तर मुलाने जाणूनबुजून केलेले नसेल तोवर नुकसान मोटारवाल्यानेच भरून द्यायचे, मग चूक मुलाची का असेना. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलमही, अपघात झाला की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकते. त्यात “चूक तुझी असेल तर” अशी अट नाही. म्हणजे रिक्षावाल्याचे “आधी उचला, मग बघू” हे वाक्य कायद्याच्या पुस्तकातही आहे, आणि मी इतक्या पावसाळ्यांचा माणूस ते विसरलो होतो!

परंतु येथे थांबलो तर विचार लंगडा राहील. मोठ्याने अधिक सांभाळावे, म्हणून लहानाला मोकळीक मिळाली काय? “मी गरीब सायकलवाला, मोठी गाडी तुझी, तूच बघ,” असे म्हणून अंधारात बिनदिव्याने जाणे, वळसा वाचवण्यासाठी उलट्या बाजूने घुसणे, कानाला फोन लावून एका हाताने सायकल हाकणे, हे निर्दोष आहे काय? नव्हे. असा मनुष्य आपला जीव दुसऱ्याच्या हातात त्याला न विचारता ठेवतो. आणि तो जीव गेला तर, सावकाश चालणाऱ्या, सरळमार्गी चालकालाही जन्मभर ते चित्र डोळ्यांपुढे घेऊन जगावे लागते. दुबळेपणा हा दयेचा विषय आहे, बेफिकिरीचा परवाना नव्हे.

आपल्या वारीतच ह्याचा सुंदर पाठ आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, तिचे म्हणणे ऐकून घेतात. पाहा, येथे कर्तव्य दोन्हीकडे आहे. ज्याला ऐकवायचे आहे त्याने टाळ वाजवला पाहिजे. आणि बाकीच्यांनी आपला आवाज थांबवला पाहिजे, नाही तर तो टाळ ऐकू कसा यावा? सायकलीची घंटी आणि मागचा तांबडा दिवा हा त्या लहान दिंडीचा टाळ होय. मोटारवाल्याने वेग कमी करून आरशात पाहणे ही त्या मोठ्या समुदायाची स्तब्धता होय. एकाने वाजवले नाही किंवा दुसरा थांबला नाही, तरी परिणाम एकच.

ही चर्चा आपल्याला दूरची नाही. आपण पायी चालणारे लोक. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या नामदेवरायांच्या पालखी सोहळ्यात दिवे घाटात जेसीबी यंत्र शिरले. नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी त्यात गेले. जुलै २०२४ मध्ये आषाढीला दोन दिवस उरले असताना, आपल्या डोंबिवलीजवळच्या घेसर गावचे वारकरी घेऊन पंढरपूरला निघालेली बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ रात्री एका ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जण गेले. त्या मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे. म्हणून कोणी म्हणेल, प्रश्न मिटला. वाचकहो, दोषाचा निर्णय करणारे करतील; पण संथ आणि वेगवान वाहन अंधारात एका रस्त्यावर आले की केवढे अंतर राखावे लागते, हा धडा निर्णयाची वाट पाहत नाही. मृतांच्या घरी “चूक कोणाची होती” ह्या प्रश्नाच्या उत्तराने दिवा लागत नाही.

आणखी एक खांदेकरी आहे, तो विसरू नये. तो म्हणजे रस्ता करणारा आणि राखणारा. डोंबिवलीच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारा आपला कोपर पूल धोकादायक ठरून २०१९ साली बंद झाला, आणि नव्याने बांधून २०२१ साली उघडला. त्या दोन वर्षांत ठाकुर्लीच्या पुलाला वळसा घालताना सगळ्यांनी हाल सोसले. मीही कुरकुर केली. पण आज वाटते, धोका ओळखून वेळीच वाट बंद करणे हीसुद्धा जबाबदारीच. जो खड्डा बुजवीत नाही, गटाराचे झाकण उघडे टाकतो, सायकलीला रस्त्याची कडा शिल्लक ठेवीत नाही, त्याच्या हातात दोष दिसत नसला तरी खांदा त्याचाही आहे. त्यात आपणही आलो, कारण रस्त्याच्या कडेला वेड्यावाकड्या गाड्या उभ्या करून सायकलवाल्याला मध्यभागी ढकलणारे आपणच असतो.

मग नेम कोणता धरावा? माळ घातली की काही नेम आपोआप येतात. त्यांत हे आणखी थोडे जोडू. मोटारीचे उजवे दार डाव्या हाताने उघडावे; असे केले की अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. सायकलवाल्याच्या अंगावरून गाडी काढू नये. हात पसरला तरी लागणार नाही इतके अंतर सोडावे, आणि तेवढी जागा नसेल तर मागे थांबावे. ट्रकच्या डाव्या अंगाला सायकल लावू नये, कारण तेथे चालकाची नजर पोचत नाही. सायकलीला पुढे दिवा, मागे तांबडी चकती, घंटी आणि चालते ब्रेक असावेत. वळण्यापूर्वी हात दाखवावा. नाशिकचे सायकलस्वार २०१२ पासून आषाढात सायकलवर पंढरी गाठतात. आपल्यातही कोणी तसे निघेल, त्याने ही तयारी आधी करावी. दिंडी रात्री किंवा पहाटे चालत असेल तर पुढे आणि मागे दिवा घेतलेला मनुष्य असावा. आणि कोणी पडलेला दिसला तर भिऊन पुढे जाऊ नये. मदत करणाऱ्याला पोलिसांनी वा दवाखान्याने अडवून त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातही तसे संरक्षण आले आहे.

आठ दिवसांनी मी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. बरोबर एक डबा आणि सायकलीचा दिवा नेला. म्हणालो, “बाळा, त्या दिवशी मी आधी तुझी चूक बोललो, माझी बोललो नाही. चुकलो.” तो लाजला. म्हणाला, “नाही काका, दिवा घ्यायचं मी चार महिने पुढे ढकलत होतो.” मग दोघेही काही बोललो नाही. त्याने चहा केला.

निघताना मी वाकून त्याला नमस्कार केला, तसा तोही वाकला. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा आधी कोण वाकला, हे कोणी मोजत नाही. रस्त्यावरही ते मोजू नये, एवढेच सांगणे आहे.