मागची सरी बांधली का?

इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी निरवांगी हे गाव आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. या गावातली एक मुलगी बारामतीला संगणक शिकली आणि घरी परत आली. घरी डाळिंबाची बाग होती. माल कुठे न्यावा हा दर हंगामातला प्रश्न होता. मुलीने त्यासाठी मोबाइलवर उघडेल असं एक पान तयार केलं. त्यात एक चौकट होती. इंदापूर, पुणे, सोलापूर यांपैकी बाजार निवडला की पान सर्व्हरला विचारायचं आणि त्या दिवसाचा भाव चौकटीत दाखवायचं.

पान पहिल्यांदा वापरलं ते तिच्या चुलत्यांनी. नाना नदीकडच्या बागेत होते आणि तिथे रेंज जेमतेम होती. त्यांनी सोलापूर निवडलं. भाव येईना, म्हणून पुणे निवडलं. थोड्या वेळाने भाव दिसला. वर पुणे लिहिलेलं होतं आणि भाव चांगला होता. नानांनी कॅरेट भरायला सांगितली आणि पुण्याच्या अडत्याला फोन लावला. अडत्याने सांगितलेला भाव बराच कमी निघाला. माल अजून निघाला नव्हता, म्हणून नुकसान टळलं.

नाना घरी आले आणि म्हणाले, "पोरी, तुझं पान खोटं बोलतंय."

मुलीने सगळं तपासलं. सर्व्हरने दोन्ही वेळा खरंच उत्तर दिलं होतं. पण प्रश्न ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने उत्तरं आली नव्हती. पुण्याचं उत्तर आधी पोचलं. रेंगाळलेलं सोलापूरचं उत्तर मागून आलं आणि पुण्याच्या नावाखाली जाऊन बसलं.

तिने पहिला उपाय केला. एका बाजाराचं उत्तर येईपर्यंत दुसरा बाजार निवडता येऊ नये अशी सोय केली. नाना म्हणाले, "चुकून सोलापूर दाबलं, तर त्याची वाट बघत बसायचं व्हय?" तिने ती सोय काढून टाकली.

मग दुसरा उपाय केला. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिला आणि जुन्या क्रमांकाचं उत्तर आलं की ते टाकून द्यायचं ठरवलं. आता भाव बरोबर दिसू लागला. पण नाना एकामागून एक बाजार बदलत गेले की नको असलेली उत्तरंही त्याच कमजोर रेंजवर वाट काढत येत. हवं ते उत्तर त्यांच्या गर्दीत मागे पडे.

त्याच आठवड्यात नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं. रात्री उसाला पाणी होतं. मुलगी बॅटरी घेऊन आजोबांबरोबर दारं धरायला गेली. एक सरी भरत आली की आबा पुढच्या सरीचं तोंड मोडत आणि तीच माती ओढून मागच्या सरीचं तोंड बांधत. एकही सरी त्यांनी उघडी सोडली नाही.

मुलीने विचारलं, "आबा, मागचं तोंड जरा उघडं राहिलं तर काय बिघडतं?"

"पाटात पाणी तेवढंच हाय," आबा म्हणाले. "मागं चालू राहिलं की पुढं कमी पडतं. पुढचं मोडणाऱ्यानं मागचं बांधायचं असतं."

सकाळी मुलीने पुन्हा काम हाती घेतलं. वेबपानातून सर्व्हरला विचारणारं फेच हे साधन सुरुवातीला आलं तेव्हा त्यात विचारलेलं मागे घेण्याची सोय नव्हती. 2017 पासून मोठ्या ब्राउझरांमध्ये एकामागून एक अबॉर्ट-कंट्रोलर आला आणि ती सोय झाली. मुलीने तो वापरला. नवा बाजार निवडला की आधीचा प्रश्न रद्द व्हायचा आणि मगच नवा जायचा. एकदा रद्द केलेला कंट्रोलर पुन्हा कामाला येत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी तिने नवा घेतला. नानांनी चौकटच बंद केली तर चौकटीचा उरलेला प्रश्नही तिथेच रद्द होईल, अशी व्यवस्था केली.

एक अडचण राहिली. प्रश्न रद्द झाला की पडद्यावर 'भाव मिळाला नाही' असा लाल संदेश यायचा आणि नाना घाबरायचे. आपण होऊन थांबवलेलं काम आणि बिघडलेलं काम यांची मुलीने वेगवेगळी नोंद केली. लाल संदेश फक्त खऱ्या बिघाडासाठी ठेवला.

सगळं नीट चालू लागलं. मग मुलीने टेम्पो ठरवण्याचं बटणही त्या पानावर आणलं आणि रद्द करण्याची तीच युक्ती तिथे लावली. एका संध्याकाळी नानांनी टेम्पो ठरवला आणि लगेच रद्द केला. पडद्यावर 'रद्द' असं आलं. पहाटे टेम्पो दारात उभा राहिला.

सर्व्हरने मागणी आधीच लिहून घेतली होती. मोबाइलने फक्त उत्तराची वाट पाहणं सोडलं होतं. नानांनी चालकाला चहा दिला आणि येण्याजाण्याचं भाडं दिलं. आबा मुलीला म्हणाले, "सरीत गेलेलं पाणी तोंड बांधून माघारी येत न्हाई."

मुलीने ते बटण बदललं. आता टेम्पो रद्द करायचा तर तसा वेगळा निरोप सर्व्हरला जाऊ लागला. तिकडून होकार आल्यावरच पडद्यावर 'रद्द' दिसू लागलं.

मागणं सोपं असतं. बोट लावलं की मागणी जाते, आणि पलीकडे कुणीतरी कामाला लागतं. मन बदललं की आपण पुढे निघून जातो, पण जुनी मागणी आपोआप थांबत नाही. ती कुणाची तरी वाट अडवते, कुणाचा वेळ घेते, किंवा नको त्या वेळी आपल्याच दारात येऊन उभी राहते. माहिती नुसती विचारली असेल तर ऐकणं थांबवलं तरी पुरतं. पण कुणी आपल्यासाठी काम सुरू केलं असेल, तर त्याला स्पष्ट कळवावं लागतं आणि झालेली झीज भरून द्यावी लागते. मन बदलण्यात दोष नाही. पण मन बदललं की आधी ज्याच्याकडे मागितलं होतं, त्याला तसं सांगा.