फायबरची होडी

मे महिन्याची शेवटची सकाळ. किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारायचं काम चाललं होतं. 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. एका फायबरच्या होडीवर सहज हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागली. उन्हाने वरचा थर असाच झडतो. खाली, पाण्यात बुडणाऱ्या भागावर, रुपयाएवढे फोड दिसत होते. होडीवाल्या काकांनी एकाला खिळा लावला. "तोंड बाजूला घ्या," म्हणेपर्यंत चिळकांडी उडाली आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला.

फायबर गंजत नाही, हे खरंच. पण काचेचे तंतू ज्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवलेले असतात, त्यातून पाणी भोक नसतानाही झिरपतं. आत अर्धवट मुरलेली रसायनं राहिलेली असतात. ती या पाण्यात विरघळतात आणि दाट, आंबट द्रव तयार होतो. वरच्या थरातून पाणी आत येतं, तो द्रव मात्र बाहेर पडू शकत नाही. मग पाण्यात टाकलेल्या बेदाण्यासारखी होडीची कातडी फुगते.

जिथे बोल्टसाठी भोक पाडून कडा तशीच उघडी ठेवलेली असते, तिथे तर पाणी तंतूंच्या कडेने वातीतल्या तेलासारखं चढतं. काच बहुतेक शाबूत राहते, रेझिनही बरंचसं. आधी सुटते ती दोघांमधली पकड. इथे संसाराचा दृष्टांत जिभेवर आला होता, पण काकांचा चेहरा पाहून गिळला.

उपाय आहे. फोड घासून काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग इपॉक्सी भरायचं. अडतं ते वाळण्यापाशी. त्याला आठवडे लागतात, आणि कोकणात होडी रिकामी सापडते ती नेमकी पावसात.

"बापाची होडी लाकडाची होती," काका म्हणाले. "मोडली, तर दोन वर्षं पाणी तापवायला पुरली." फायबर चुलीत घालता येत नाही, एकदा घट्ट झालेलं हे रेझिन वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. भंगारवाला इंजिन तेवढं उचलतो.

त्यांची जुनी होडी माडाखाली पडली आहे. तिच्यात यंदा कुत्री व्यायली.