पाइपातली दोरी

कोल्हापुरातलं नानांचं घर नव्याने बांधून होत आलं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून नानांचं टॉकीजला जाणं थांबलं होतं, म्हणून त्यांच्या मुलाने, दादाने, तळमजल्यावरची एक खोली सिनेमासाठीच राखली. समोर पडदा, मागे छताला प्रोजेक्टर, पडद्याखालच्या कपाटात ॲम्प्लिफायर आणि प्लेयर. वायरिंग चाचांकडे होतं. चाचा तरुणपणी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. २,००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपायचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमके. त्यावर दुसरं मशीन सुरू करायचं आणि पुढच्या ठिपक्याला चित्र तिकडे घ्यायचं. नजर हलली की पब्लिक शिट्ट्या मारणार. टॉकीज बंद पडलं, चाचा घराघरांत वायरी ओढू लागले, पण शेवटपर्यंत बघत बसायची सवय सुटली नाही.

दादा पुण्याला नोकरीत. कपाटापासून प्रोजेक्टरपर्यंत सरळ टेप धरून त्याने ७ मीटर मोजले होते. चाचांनी सुतळी घेतली आणि केबल जिथून खरोखर जाणार तिथूनच फिरवली : कपाटातून वर छताला, छताच्या कडेने मागे, तिथून मधोमध प्रोजेक्टरकडे, दोन्ही टोकांना हाताला येईल एवढी जादा. सुतळी १३ मीटर भरली.

मग दादाने पुण्याहून १५ मीटरची एचडीएमआय केबल आणली. बोटाएवढी जाड, वर जाळीचं वेष्टण, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४के आणि ८के. दुसऱ्या दिवशी गिलावा होता आणि पुढच्या आठवड्यात वास्तुशांत.

"चाचा, टाकून द्या भिंतीत."

"आधी जमिनीवर पसरू. भिंतीत गेल्यावर ती आपलं काही ऐकायची नाही."

स्टुलावर प्रोजेक्टर मांडला, सेट-टॉप बॉक्स जोडला. चित्र लख्ख. दादाने खुशीत चाचांकडे पाहिलं.

"तुझ्याकडचं सगळ्यात जड काय आहे ते लाव," चाचा म्हणाले.

दादाने ४के प्लेयर जोडला आणि सेकंदाला ६० चित्रांवर ठेवला. पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. मग अंधाऱ्या प्रसंगात पांढरे ठिपके उडायला लागले. मग पडदा काळा झाला, दोन सेकंदांनी उजळला, पुन्हा काळा झाला.

दादाने टोकं काढून घातली, पुसली, प्लेयर बंद करून सुरू केला. दोष कुठल्याच टोकात नव्हता. फुल एचडी चित्राला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट वाहावे लागतात, ४केला त्याच्या चौपट, म्हणजे १८. इतक्या वेगाचा संदेश तांब्यातून जाताना दर मीटरला क्षीण होतो. साधी तांब्याची केबल चार-पाच मीटरपर्यंत हा भार पेलते, १५ मीटरला बहुधा नाही. सोन्याने टोक गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग. मधल्या १५ मीटर तांब्याला त्याने काही बळ मिळत नाही. १८ गिगाबिटच्या तपासणीत उतरलेल्या केबलच्या खोक्यावर 'प्रीमियम हाय स्पीड'चं आणि ४८ च्या केबलवर 'अल्ट्रा हाय स्पीड'चं लेबल असतं, मोबाइलवर ते पडताळता येतं. दादाच्या खोक्यावर आकडे भरपूर होते, लेबल नव्हतं.

"रीळ झिजलं की पडद्यावर रेघा पडायच्या," चाचा म्हणाले. "चित्र मळायचं, पण सिनेमा चालायचा. रीळ आपलं दुखणं आधी सांगायचं. ही सांगत नाही. लख्ख दिसतं, लख्ख दिसतं, आणि मग नसतंच. म्हणून हिची परीक्षा सोप्या दिवशी घ्यायची नाही."

"पण चाचा, गिलावा उद्या आहे. वास्तुशांतीची तारीख धरलीय, पत्रिका गेल्यात."

सूनबाई दारात उभ्या होत्या. "पूजा देवघरासमोर होणार आहे, या भिंतीसमोर नाही. ही एक भिंत उघडी राहिली तर गुरुजी काही परत जात नाहीत."

नानांनी मान हलवली आणि गवंड्याला निरोप गेला. मला या गोष्टीत सूनबाईंचं हे बोलणं फार मोलाचं वाटतं. घाई कुणाची आणि कशासाठी, हे घरात एकाने तरी विचारायलाच हवं.

दुकानदाराने उघडलेलं खोकं परत घेतलं नाही, ते पैसे गेले. दादाने या वेळी ऑप्टिकल केबल आणली. तिच्यात चित्र काचेच्या चार तंतूंमधून प्रकाश होऊन जातं, बाकीच्या कामांना बारीक तांब्याच्या तारा. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची पुन्हा वीज करणारं इवलंसं यंत्र दोन्ही टोकांच्या डोक्यात बसवलेलं असतं. जोडली, तर पडदा काळा. दादाचा चेहरा उतरला. चाचांनी चष्मा लावून टोकांवरची बारीक अक्षरं वाचली : एकीकडे 'सोर्स', दुसरीकडे 'डिस्प्ले'. प्रकाश एकाच दिशेने जातो, केबल उलटी लागली होती. फिरवली आणि चित्र आलं. तरी चाचा उठले नाहीत. त्या संध्याकाळी एक अख्खा ४के सिनेमा जमिनीवर पसरलेल्या केबलवरून चालला आणि ते ठिपक्याची वाट बघावी तसे पडद्याकडे बघत राहिले.

"नानांच्या जुन्या पिक्चरला ही लागत नाही," ते जाताना म्हणाले. "प्रभातचा 'कुंकू' कुठल्याही केबलवर चालेल. ही तुझ्या पोरासाठी."

स्पीकरच्या वायरीला मात्र त्यांनी एक मिनिटही दिलं नाही. दादाने आणलेल्या गुंडाळीचं टोक ब्लेडने खरवडलं, वरचा तांबूस थर गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. अशा वायरीचा अवरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट असतो. मागच्या स्पीकरपर्यंत १४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २८. पाऊण चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्यातसुद्धा हा अवरोध ०.६ ओहमच्या वर जातो, अडीच चौरसमध्ये ०.२ च्या आत राहतो. आठ ओहमच्या स्पीकरसाठी जाणकार ०.४ ची हद्द धरतात. अडीचची तांब्याची वायर आली. तिचा पाइप चाचांनी दिव्यांच्या वायरीपासून फूटभर दूर घेतला आणि सबवूफरच्या केबललाही तोच नियम लावला, नाहीतर विजेची भुणभुण आवाजात उतरते.

शेवटी भिंत. ठेकेदार एक इंची पाइप टाकत होता. चाचांनी दोन इंची मागितला. ऑप्टिकल केबल बारीक असते, पण तिचं डोकं साधारण दोन सेंटीमीटर रुंद, ते अरुंद पाइपाच्या वळणावर अडकतं. काटकोनी एल्बोही त्यांनी नाकारले. काचेचा तंतू तीव्र वळणात मोडतो, म्हणून लांब बेंड घेतले. झिरी रुंद करावी लागली, ठेकेदार कुरकुरला, मजुरी वाढली. केबल आत सरकवताना चाचांनी तिचं डोकं धरू दिलं नाही, दोरी मागच्या वेष्टणाला बांधली. आणि केबलच्या सोबतीला आणखी एक नायलॉनची दोरी पाइपात मोकळी सोडून दिली.

"ही कशाला?" दादाने विचारलं. "आता तर केबल चांगली आहे."

"चांगली आहे म्हणूनच. वाईट असती तर तू लगेच बदलली असतीस. चांगली गोष्ट कधी जाईल ते सांगून जात नाही."

काही वर्षांनी एका वळवाच्या पावसात जवळच वीज कोसळली. टीव्ही, राउटर आणि केबलच्या एका टोकाचं यंत्र जळालं. दादाच्या मुलाने पाइपातल्या मोकळ्या दोरीला नवी केबल आणि नवी दोरी बांधली, एका टोकाने ओढलं, दुसऱ्या टोकाने हळूहळू आत सोडलं. चहा व्हायच्या आत काम झालं. चाचा खुर्चीत बसून वळणाच्या जागी फक्त "सावकाश" म्हणत होते. पलीकडच्या गल्लीत त्याच ठेकेदाराने केबल थेट गिलाव्यात पुरली होती. त्या घरात त्याच पावसानंतर छतापासून कपाटापर्यंत भिंत फोडावी लागली आणि रंग पुन्हा सगळ्या खोलीला द्यावा लागला.

घर बांधत असाल किंवा जुन्या भिंतीला हात लावत असाल, तर गिलाव्याच्या आदल्या दिवशी केबल जमिनीवर पसरून तिच्यावरून सगळ्यात जड सिनेमा पूर्ण चालवून बघा. आणि वायरमनला एवढं विचारा : पाइप किती इंची आहे, आणि त्यात मोकळी दोरी सोडली आहे का?