समजूत आणि अभय

भय आणि भयाचा आस्वाद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा स्थायीभाव मानला आहे. परंतु प्रेक्षकाला त्या रसाचा आस्वाद घेता येतो, तो समोरचे संकट आपल्यावर कोसळणारे नाही ही जाणीव शाबूत असते म्हणूनच. दिवाळीच्या फटाक्यांतील आनंद याच जातीचा आहे. वात पेटवणाऱ्याला आवाज कधी होणार आणि का होणार हे ठाऊक असते. तो झाल्यावर काही बिघडणार नाही, याचीही त्याला खात्री असते. कानांवर हात ठेवून हसणारे मूल वस्तुतः माणसाळवलेल्या भयाशी खेळत असते. त्याच घरात पलंगाखाली थरथरत बसलेल्या कुत्र्याच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. सण, निमित्त, आरंभ आणि शेवट हा आवाजाभोवतीचा सगळा अर्थ माणसापाशी राहतो; प्राण्यापर्यंत पोहोचतो तो निव्वळ स्फोट.

त्यातही प्राण्याचे कान अधिक तीक्ष्ण. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, कुत्र्याची सुमारे ४५,००० आणि मांजराची त्याहूनही अधिक. ज्या कंपनांची माणसाला गंधवार्ताही नसते, ती या प्राण्यांना ऐकू येतात. शिवाय आवाज चोहोंकडून येत असल्यामुळे पळून कोठे जावे, हेही त्यांना उमगत नाही.

घाबरलेल्या माणसाची आपल्याकडे 'समजूत घालतात'. सांत्वन म्हणजे समज देणे, असे जणू या वाक्प्रचाराने गृहीत धरले आहे. मुलाला सांगता येते की हा नुसता आवाज आहे, थोड्या वेळाने थांबेल. प्राण्याला हे सांगता येत नाही. म्हणून त्याचे सांत्वन करायचे तर ते कृतीनेच करावे लागते. प्रश्न एवढाच, की ही कृती कोठवर जावी?

तिची पहिली पायरी घरातली आहे. दिवस मावळण्यापूर्वीच कुत्र्याला फिरवून आणावे, आतल्या खोलीत दारेखिडक्या लावून व पडदे ओढून त्याला जागा करून द्यावी, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, लपू पाहत असेल तर लपू द्यावे, ओढून बाहेर काढू नये, रागावू नये. भ्यायलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती पक्की होते, हा समज पुष्कळ काळ प्रचलित होता. प्राणिवर्तनाचे अभ्यासक आता तो मानीत नाहीत. सण दूर असतानाच फटाक्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावावे, सोबत आवडता खाऊ द्यावा आणि आठवड्यामागून आठवडे तो आवाज क्रमाक्रमाने वाढवीत न्यावा, हा उपाय अधिक टिकाऊ आहे. मात्र त्याला धीर लागतो.

औषधांच्या बाबतीत एक मार्मिक प्रश्न उभा राहतो. असेप्रोमॅझिन हे गुंगी आणणारे औषध एके काळी सर्रास दिले जाई. त्याने शरीर शिथिल होते, परंतु भय शमतेच असे नाही. प्राणी निश्चल पडून राहतो आणि आतून घाबरलेलाच असतो. म्हणूनच केवळ त्यावर विसंबू नये, असे पशुवैद्य आता सांगतात. भीतीवर काम करणारी दुसरी औषधे ते प्राण्याला तपासून देतात. येथे विचारावेसे वाटते, की अशा शांततेने सुटका होते ती कोणाची? प्राण्याची, की त्याची थरथर पाहणे असह्य झालेल्या धन्याची? भयाचे निवारण आणि भयाच्या लक्षणांचे निवारण यांत अंतर आहे. नीतीचा विचार पहिल्याशी बांधलेला असतो.

दुसरी पायरी उंबरठ्याबाहेरची आहे. आपला कुत्रा आतल्या खोलीत सुखरूप ठेवून अंगणात सुतळी बॉम्ब लावणारा माणूस निर्दय नसतो. त्याची दया फक्त मालकीपाशी थांबलेली असते. रस्त्यावरच्या कुत्र्याला आतली खोली नाही, झाडावरच्या पक्ष्याला पडदा नाही. पाळीव प्राण्यावरची माया ही नीतीची सुरुवात होऊ शकते. परंतु ती तेथेच संपली, तर ती आपल्या वस्तूची काळजी एवढीच ठरते.

महाभारताने हा प्रश्न कथारूपाने आरंभीच मांडला आहे. जनमेजयाच्या सत्रात एक कुत्रा येतो. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नाही, त्याला जीभ लावलेली नाही. तरीही राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन याचे कारण विचारते आणि तिला उत्तर मिळत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावरही न दिसणारे भय येईल. शापाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. निरपराध प्राण्याला अकारण जे भोगावे लागले, तेच समजून घेण्याची पाळी ती माणसावर आणते. याच ग्रंथाच्या अखेरीस आपल्या आश्रयाला आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. त्या कुत्र्यावर त्याची मालकी नसते. तो केवळ सोबत चालत आलेला असतो.

कायद्यानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकली. २०१४ साली जल्लिकट्टूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा स्वीकार केला. भय आणि मनस्ताप यांपासून मुक्तता हे त्यांतील एक आहे. फटाक्यांबाबतचे नियम मात्र माणूस डोळ्यांसमोर ठेवून झाले. चार मीटरवर १२५ डेसिबल ही १९९९ ची मर्यादा मानवी श्रवणाला अनुसरून मोजली जाते. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके नकोत, हा २००५ चा न्यायालयीन आदेश माणसाच्या झोपेची वेळ पाहतो. कुत्र्याचे भय रात्री दहाची वाट पाहत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल, की वर्षातून चार दिवसांचा मुलांचा आनंद हिरावून घ्यावा काय? शिवकाशीच्या कामगारांच्या पोटाचे काय? हे आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. कामगारांच्या उपजीविकेची जबाबदारी समाजाला घ्यावीच लागेल. परंतु दिवाळी हा मुळात दिव्यांचा सण आहे. आवाज गेला तर सणाचा आत्मा जात नाही. महाराष्ट्रात या सणाचा आरंभ वसुबारसेला गायवासराच्या पूजनाने होतो, आणि नेपाळात व दार्जिलिंग-सिक्कीमच्या नेपाळीभाषकांत याच दिवसांत कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. ज्याला सकाळी ओवाळले, त्याला संध्याकाळी पळवून लावावे, ही विसंगती परंपरेच्या नावावर खपवता येत नाही.

संयम अशक्य नाही, याचा दाखला तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात आहे. तेथील वेट्टंगुडी पक्षी अभयारण्यालगतच्या कोल्लुकुडिपट्टी गावात वस्तीला येणारे पक्षी बिचकू नयेत म्हणून गावकऱ्यांनी कित्येक दशके दिवाळीत फटाके उडवलेले नाहीत. पक्षी त्यांच्या मालकीचे नाहीत आणि ते आभारही मानणार नाहीत. पक्ष्यांची समजूत घालता येत नाही, हे ओळखून गावाने स्वतःची समजूत घातली. समज देणे ज्याच्या बाबतीत शक्य नाही, त्याला अभय देणे एवढेच हाती उरते. आणि ते अभय ज्याच्या हाती काडी आहे, त्यानेच द्यायचे असते.